पिकअपचं काम व्हीलचेअरवरून: कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवलेला चौथरा आणि सोबतची हत्यारं

व्हीलचेअरवर बसून स्वतःच्या पिकअपचं काम करायचं म्हटलं की पहिला सल्ला ताकदीचा मिळतो. मोठा इम्पॅक्ट (नट सोडवायची गन) घे, मोठा जॅक घे. आमच्या मते अडचण ताकदीची कमी आणि उंचीची जास्त आहे. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ५० सेंमी, बसलेल्या माणसाचा खांदा १०० ते १०५ सेंमीवर. नाकवाल्या पिकअपच्या बॉनेटची कडा जवळपास तेवढीच उंच, आणि चाकाचा मध्य ३५ सेंमीच्या आसपास. म्हणजे इंजिन खांद्याच्या वर आणि चाक मांडीच्या खाली. मांडी ते छाती या पट्ट्यात हात खरा चालतो, आणि नेमकं तिथंच गाडीचं एकही काम येत नाही. जी वस्तू काम या पट्ट्यात आणते ती घ्यावी, जी माणसाला जमिनीकडं ओढते ती सोडावी. खालच्या सगळ्या वस्तू या एकाच कसोटीवर पारखल्या आहेत. किमती सारख्या बदलतात, म्हणून मापं आणि वजनं देतो. त्यावरून हिशेब लागतो.

सगळ्यात कामाची वस्तू दुकानात मिळत नाही, ती बनवून घ्यावी लागते: खुर्चीसकट वर चढायचा लोखंडी चौथरा. बॉनेटमधलं काम नीट जमायला खुर्ची ३० सेंमी वर पाहिजे. पण ३० सेंमी चढायचं तर १:१२ उतारानं रॅम्पच ३.६ मीटर लांब होतो आणि अंगण संपतं. म्हणून जागा स्वतःची असेल तर निम्मी उंची गाडीकडून काढावी. काँक्रीटमध्ये पुढच्या चाकांसाठी १५ सेंमी खोल दोन खाचे, आणि चौथरा फक्त १५ सेंमी उंच. मग रॅम्प १.८ मीटरमध्ये बसतो. भाड्याच्या जागेत खोदता येत नाही, तिथं ३.६ मीटरला पर्याय नाही.

चौथऱ्याचा माथा बंपरच्या लांबीला आडवा १.८ मीटर आणि खोलीला १.५ मीटर ठेवावा. एवढ्यात खुर्ची जागेवर वळते आणि बॅटरीच्या बाजूकडून एअर फिल्टरच्या बाजूला जायला खाली उतरावं लागत नाही. रॅम्पची रुंदी १ मीटर पुरते. माथा आणि रॅम्प मिळून साडेचार चौरस मीटर पत्रा होतो. एक सुती, म्हणजे ३ मिमीचा चेकर पत्रा घेतला तर साधारण ११५ किलो, ५ मिमीचा घेतला तर १८५ किलो. खालच्या सांगाड्याला ४० बाय ४० बाय ५ चा अँगल मीटरला ३ किलो बसतो, आणि २५ मीटर तरी लागतो. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, असल्या कामाचा दर बहुतेक किलोवर ठरतो, त्यामुळं पत्र्याची जाडी हाच खर्चाचा प्रश्न आहे. आमचा कौल ३ मिमीला, पण खालून दर ३० सेंमीला अँगलची आडवी पट्टी असेल तरच. पट्ट्या ६० सेंमीवर टाकल्या की खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांखाली पत्रा दबतो, तिथं पाणी साचतं आणि गंज धरतो.

शिवाजी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनच्या कामाबद्दल मोकळेपणानं सांगायचं तर वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नाही. माप सांगितलं की हात झरझर चालतो, सांगाडा काटकोनात येतो, टाके मारून झाल्यावर आपल्याला दाखवूनच पुढचं फुल वेल्डिंग होतं. अडतं ते उतारावर. जवळपास प्रत्येक शेडमध्ये एकच वाक्य ऐकायला मिळतं: "एवढं लांबडं कशाला करायलाय? मीटरभरात बसवतो की." मीटरभरात १५ सेंमी चढवलं तर उतार १:७ पेक्षा तीव्र होतो. तेलकट हातांनी रिम ढकलताना पुढची चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागं कलंडते. यात तडजोड करू नका. खुर्ची बरोबर न्या, फरशीवर खडूनं रॅम्पची लांबी आखून दाखवा, बसून फिरून दाखवा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की कारागिराला पटतं, आणि मग तो स्वतःच सुधारणा सुचवायला लागतो. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली ती याच शहरात. तरीही उद्यमनगरातल्या कित्येक शेडना अजून पायरी आहे. बोलणी बाहेर रस्त्यावरच उरकावी लागतात.

ताब्यात घेण्याआधी तीन जागा हातानं चाचपून बघा. रॅम्पचा जमिनीला टेकणारा काठ: तिथं अँगल उभा आला असेल तर ४ सेंमीची पायरी तयार होते आणि पुढची चाकं अडतात. तो काठ पत्र्याच्या जिभेनं जमिनीला मिळवून ग्राइंडर मारलेला पाहिजे. दुसरी, वेल्डिंगचे उडालेले थेंब. पत्र्यावर चिकटलेले हे दाणे टायरला आणि हाताला लागतात, छिन्नीनं काढून घ्या. तिसरी, कडांची पट्टी. माथ्याच्या तिन्ही उघड्या बाजूंना आणि रॅम्पच्या दोन्ही कडांना ५ सेंमी उभी पट्टी हवीच. बंपरच्या बाजूची पट्टी अनेकदा गाळली जाते, आणि पुढं वाकून काम करताना खुर्ची घसरते ती त्याच बाजूला.

चेकर पत्र्याची नक्षी डिझेल सांडल्यावर फारशी उपयोगी पडत नाही. रेड ऑक्साइडवर इपॉक्सी रंग देऊन तो ओला असतानाच बारीक चाळलेली वाळू भुरभुरवली की पकड येते. हे काम मृगाच्या आधी उरकावं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये इथं रंग वाळत नाही. खाच्यांना चार इंची पाइपचा निचरा ठेवला नसेल तर त्याच पावसात त्यात पाणी भरून राहतं आणि चाकं पाण्यात उभी राहतात.

या व्यवस्थेचे दोन तोटे सांगायलाच हवेत. गाडीचं नाक खाली आलं की खुर्चीचे फूटरेस्ट बंपरखाली जात नाहीत, त्यामुळं समोरून सरळ भिडता येत नाही. खुर्ची बंपरला समांतर किंवा तिरकी लावून बाजूनं हात घालावा लागतो. बाजूला वळणारे फूटरेस्ट असले तर सोपं जातं. दुसरा तोटा तेलाचा: नाक खाली असताना डिपस्टिकवरची (इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरची) पातळी खोटी दिसते. तेल भरून झाल्यावर गाडी सपाट जागेवर घ्या, दहा मिनिटं थांबा आणि मगच बघा.

तेल बदलण्यासाठी हातपंपाचा व्हॅक्यूम एक्स्ट्रॅक्टर. दुकानातून आणायच्या वस्तूंमध्ये आमचा पहिला नंबर याला. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालायचा, टाकीवरचा दट्ट्या दहा-पंधरा वेळा मारायचा, आणि जुनं तेल आपोआप वर चढून टाकीत येतं. गाडीखाली जायचं कामच उरत नाही. पिकअपच्या इंजिनात साधारण पाच ते सात लिटर तेल असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा, आणि टाकी त्याहून मोठी घ्या. अर्ध्यात भरली तर चौथऱ्यावर बसून ती रिकामी करणं म्हणजे हमखास सांडणं.

लोक तेल थंड असताना पंप मारतात आणि यंत्राला शिव्या घालतात. १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशाला १०५ ते ११० सेंटिस्टोक जाड असतं आणि १०० अंशाला १४ च्या आसपास, म्हणजे सात-आठ पट फरक. बारीक पाइपातून थंड तेल ओढायला तासही जातो. इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. तेल कोमट-गरम पाहिजे, कढत नको, कारण कढत तेलानं पाइप मऊ पडून चपटा होतो आणि ओढ थांबते. पाइप तळाला टेकल्याचं बोटांना कळतं. टेकल्यावर अर्धा सेंमी वर घ्या. जास्त ढकलला तर तो आत गुंडाळून तोंड वर येतं आणि एक-दीड लिटर तेल तळातच राहतं. म्हणून काढलेलं तेल टाकीवरच्या खुणांवर मोजा आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. या पद्धतीत तळातला गाळ मात्र निघत नाही. दर तिसऱ्या बदलाला गॅरेजमध्ये खालचा ड्रेन नट खोलून घ्यावा. एक्स्ट्रॅक्टर घेतला म्हणून ते टाळू नये.

तेलाच्या फिल्टरला साखळीचा पाना घेऊ नका, दोन हात लागतात. फिल्टरच्या मापाची टोपी आणि दहा इंची एक्स्टेन्शन असलं की एका हातानं निघतो, आणि दुसरा हात गाडीला धरून तोल सांभाळायला मोकळा राहतो. नव्या फिल्टरच्या रबराला तेल लावा. रबर टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी कुणाच्याच हातानं निघत नाही.

बॅटरी इम्पॅक्ट. याचं खरं मोल ताकदीपेक्षा खुर्ची जागेवर राहण्यात आहे. गणित असं: १२० न्यूटन-मीटरनं आवळलेला नट ३० सेंमीच्या दांड्यानं सोडवायला ४० किलोचा जोर लागतो, ६० सेंमीच्या दांड्याला २० किलो आणि एक मीटरच्या पाइपला १२ किलो. गंजलेला नट याहून जास्त मागतो. हा जोर खुर्चीत बसून आडवा लावला की नट फिरायच्या आधी खुर्ची सरकते. खुर्चीचा ब्रेक खुर्ची जागेवर थांबवण्यासाठी असतो, ओढ सोसण्यासाठी नाही. तेलकट फरशीवर तर ब्रेक लागलेलं चाकही घसरतं. इम्पॅक्ट गन हातोडीसारखे बारीक ठोके देते, त्यामुळं उलटा झटका हातापर्यंत फार कमी येतो आणि खुर्ची हलत नाही. १८ व्होल्टची, नट सोडवायला ३०० न्यूटन-मीटरच्या पुढची आणि बॅटरीसकट दोन-सव्वादोन किलोच्या आतली घ्या. त्याहून जड गन लांब केलेल्या एका हातात फार वेळ धरवत नाही, आणि ती पडते ती मांडीवर. गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, काळी, इम्पॅक्टसाठीचीच हवी. चकचकीत क्रोमची साधी गोटी ठोक्यांनी फुटते आणि तुकडा तोंडाच्या उंचीला उडतो, कारण आपलं तोंड तिथंच असतं.

आवळणं मात्र गननं पुरं करू नये. शेवटचा फास टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेल्या जोराला आवळणाऱ्या पान्यानं, आणि तोही वरून खाली दाबून. पान्याचा दांडा आपल्या उजव्या हाताला आडवा येईल असा लावून खाली दाबला की नट आवळतो. सोडवताना दांडा डावीकडं ठेवून खाली दाबायचा. दोन्ही वेळा जोर जमिनीकडं जातो, खुर्ची पुढं-मागं ढकलली जात नाही. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनं नट पुन्हा तपासा.

जॅकमध्ये निवड सोपी आहे. बाटली जॅक सोडा. तो अ‍ॅक्सलखाली हातानं मांडावा लागतो आणि उतरवायचा स्क्रू अगदी बुडाशी असतो. तीन टनी ट्रॉली जॅक घ्या. त्याचा लांब दांडा हातात धरून बसल्या जागेवरून तो आत सरकवता येतो, आणि तोच दांडा पिळला की उतरतो. वजन तीस किलोच्या पुढं जातं, म्हणून तो उचलायचा विचारच करू नका, सपाट फरशीवर कायम ठेवायची जागा करा. सिगारेट लायटरवर चालणारा इलेक्ट्रिक सिझर जॅक रिकाम्या गाडीला, सपाट जागेवर चालून जातो. माल भरलेल्या गाडीला, विशेषतः उसाच्या रानात मऊ मातीवर, तो अजिबात लावू नये. त्याचा तळ अरुंद असतो.

घोडी, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय चाक खोलू नका. घोडी आत सरकवायला सव्वा मीटरची आकड्याची सळई करून घ्या. घोडीला कडी वेल्ड करायचा मोह होतो, तो टाळा. भार घेणाऱ्या पायाजवळ वेल्डिंगची उष्णता दिली तर पाय कमजोर होतो. तळाच्या पट्टीला तारेनं कडी बांधली तरी काम भागतं.

पंचवीस-तीस किलोचं चाक खुर्चीतून उचलत बसू नका. गाडी अ‍ॅक्सलखालून उचला, चेसिसखालून नाही. चेसिस उचलली की स्प्रिंगचे पाटे खाली लोंबतात आणि चाक सुटायला फार वर जावं लागतं. टायर जमिनीपासून एक-दीड सेंमी सुटला की थांबा. मग चाक नुसतं पुढं ओढायचं आणि बसवताना गुळगुळीत पत्र्यावरून सरकवायचं. भोकं आणि बोल्ट जुळायला उरलेला फरक जॅकच्या दांड्यानं वरखाली करून घ्यायचा, हातानं चाक उचलून नाही. टायरखाली पहार घालून थोडं हललं तर पुरतं.

चाकाशी खुर्ची समोरून नको, गाडीला समांतर लावा. जागा घेतल्यावर थोडं मागं सरका, म्हणजे पुढची लहान चाकं फिरून पुढं येतात आणि खुर्चीचा पाया तेवढा लांब होतो. खाली वाकताना तोंडावर पडायचा धोका त्यानं बराच कमी होतो. एक पैसा लागत नाही. नवीन माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी.

ग्रीसिंगसाठी बॅटरीवरची ग्रीस गन आणि ४५ सेंमीचा लवचीक पाइप. साध्या गनला एक हात दांड्याला आणि एक नळीला लागतो, तोल धरायला हात उरत नाही. पाट्यांच्या शॅकलची (पाटे चेसिसला जोडणाऱ्या कड्यांची) निप्पल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, बारीक लवचीक नळीनं चेसिसच्या कडेला आणून बसवता येतात, मग वाकायची गरजच नाही. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला हे चालत नाही, तो फिरतो. ते एक काम गॅरेजकडंच ठेवावं.

आता खुर्चीतल्या माणसाच्या बाजूचं सामान. पायांना संवेदना नसेल तर मांडी हेच सगळ्यात धोक्याचं टेबल आहे. गरम फिल्टर, बॅटरीचं आम्ल, ग्राइंडरची ठिणगी, यातलं काहीही मांडीवर पडलं तर कळत नाही, आणि कळतं तेव्हा कातडी गेलेली असते. यावर कोल्हापुरात मिळतो तसा उपाय दुसरीकडं नाही. चप्पल लाईनमध्ये किंवा चपला बनवणाऱ्या कारागिराकडं म्हशीच्या जाड कातड्याचा ६० बाय ४५ सेंमीचा तुकडा मागा, चपलेच्या तळाला वापरतात तसला. तीन-चार मिमी जाडी, कडा गोल कापलेल्या, दोन कोपऱ्यांना भोकं पाडून वादी ओवलेली. खुर्चीच्या हातांना बांधला की मांडीवर घट्ट बसतो. नवा असताना पुठ्ठ्यासारखा ताठ असतो, महिन्याभरात मांडीचा आकार घेतो. प्लास्टिकचा अ‍ॅप्रन गरम भागाला चिकटून वितळतो, कातडं काही सेकंद तरी देतं. तेवढ्यात वस्तू बाजूला करायची. कातडं म्हणजे संरक्षण, गरम वस्तू ठेवायची परवानगी नव्हे.

मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर असेल तर काम करताना अचानक डोकं ठणकणं आणि चेहऱ्याला घाम फुटणं ही गंभीर खूण आहे. खाली कुठंतरी भाजलंय, दबलंय किंवा लघवीची पिशवी अडकली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. रक्तदाब झपाट्यानं चढतो. ताठ बसा, बूट-पट्टे सैल करा, मांडी-पाय-नळी तपासा, आणि उतार पडला नाही तर लगेच दवाखाना. काम कितीही अर्धवट असो, दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून बैठकीचा दाब काढायचाच. हवेची गादी वापरत असाल तर खाली जुनं जाड पोतं अंथरा. लेथचा किस गादीत घुसला की ती हळूहळू बसते आणि संध्याकाळपर्यंत लक्षातही येत नाही.

टायरबद्दल: उद्यमनगरच्या रस्त्यावर आणि कुठल्याही वर्कशॉपमध्ये लोखंडी किस पडलेला असतोच. कामाच्या खुर्चीला भरीव टायर घाला. धक्के जास्त बसतात, ढकलायला जड जातात, तरी पंक्चरपेक्षा परवडतात. फिरायची खुर्ची वेगळी ठेवता आली तर फार बरं.

बॅटरीचं काम करताना खुर्ची लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची आहे, याचा विसर पडू देऊ नका. खुर्चीचा सांगाडा गाडीच्या बॉडीला टेकला की खुर्चीच अर्थिंग होते, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली जाते. मग पॉझिटिव्हवरचा पाना खुर्चीच्या हाताला लागला तरी शॉर्ट होतो, आणि ठिणगी मांडीजवळ उडते. आधी निगेटिव्ह काढायचा, बसवताना तो शेवटी बसवायचा. खुर्चीच्या पुढच्या पाइपांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळली तर आणखी चांगलं. मोबाइल बॉनेटवर ठेवू नका, गळ्यात दोरीनं बांधा. खुर्चीतून खाली पडल्यावर बॉनेटवरचा मोबाइल हाताला लागत नाही.